स्नानसंस्काराविना गेलेले बाळ : वसईतील एका कुटुंबाच्या शोकाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, घडले. तेथे शोकाकुल कुटुंबांच्या घरी जाणारा आमचा सात जणांचा छोटा गट आहे आणि मी नऊ वर्षांपासून त्यात काम करते. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून कोणाचेही नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत; घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

कुटुंब जुन्या कॅथलिक घराण्यातले. मागे केळीची आणि मोगऱ्याची वाडी, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, रोज लोकलने मुंबईला नोकरीस जाणारा मुलगा आणि प्राथमिक शाळेत शिकवणारी सून. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि दोन वर्षांच्या औषधोपचारानंतर दिवस राहिले होते. आमच्याकडे बाळ येण्याआधीच त्याच्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, बोलणी सुरू होतात. धर्ममाता कोण, धर्मपिता कोण, नाव आजोबांचे ठेवायचे की एखाद्या संताचे, हे सारे ठरलेले होते. पांढरा झबला सासूबाईंनी स्वतः शिवला होता. प्रसूतीची तारीख ८ सप्टेंबरची होती. तो मरियामातेचा जन्मदिन, त्यामुळे घरात त्या तारखेला विशेष अर्थ आला होता.

ऑगस्टमध्ये, ३७ व्या आठवड्यात, एका रात्री बाळाची हालचाल कमी जाणवली. सकाळी सोनोग्राफीत हृदयाचे ठोके मिळाले नाहीत. कळा आणण्यासाठी औषध देण्यात आले आणि एकोणीस तासांनी मुलगा जन्मला, पूर्ण वाढलेला, केसाळ डोक्याचा, निष्प्राण. कारण शेवटपर्यंत सापडले नाही. पुढे कित्येक महिने त्या घरात जे बोलले गेले, त्यातले बरेचसे या न सापडलेल्या कारणाभोवतीच फिरत राहिले.

प्रश्न कसा उभा राहिला

सासूबाईंनी प्रसूतिगृहातूनच धर्मगुरूंना फोन करवला आणि बाळाला ताबडतोब स्नानसंस्कार देण्याची विनंती केली. फादरांनी सांगितले की, संस्कार जिवंतांसाठी असतात, मृताला स्नानसंस्कार देता येत नाही. हे उत्तर चर्चच्या शिकवणीप्रमाणे बरोबर होते. बाळ क्षणभर जरी जिवंत जन्मले असते, तरी तेथील परिचारिकेने, मग ती कोणत्याही धर्माची असो, योग्य हेतूने पाणी ओतून आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचे वचन उच्चारून त्याला स्नानसंस्कार देणे वैध ठरले असते. परंतु तसे घडले नव्हते. फादरांनी नियम सांगितला, सहानुभूतीचे दोन शब्द बोलून त्यांनी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या कानांवर एकच वाक्य पडले: बाळाला चर्चमध्ये जागा नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन तासांत घरातल्या वडीलधाऱ्यांनी झपाट्याने निर्णय घेण्यास सुरुवात केली. आईला बाळ दाखवायचे नाही, वाडीच्या कडेला संध्याकाळपर्यंत पुरून टाकायचे, झबला कोणाला तरी देऊन टाकायचा. हे सगळे मायेपोटीच चालले होते. बाळाच्या आईला कोणी काही विचारले नाही. जी माणसे भेटायला आली त्यांनी आमच्या बाजूला नेहमी बोलली जाणारी वाक्ये म्हटली: देवाची इच्छा, देवाला तो जास्त आवडला, आता तो देवदूत झाला, तू तरुण आहेस, दुसरे होईल, दुःख देवाला अर्पण कर. तिने पुढे मला सांगितले की, पहिल्या दिवशी ही पाच वाक्ये तिने इतक्या वेळा ऐकली की, देवाने आपल्या घरी येऊन चोरी केली आणि सगळे जण चोराची बाजू घेऊन बोलत आहेत, असे तिला वाटू लागले.

आमच्यासमोरचा प्रश्न त्यामुळे दुहेरी होता. तातडीचा प्रश्न असा की, या बाळाला निरोप कसा द्यावा. दुसरा प्रश्न लांबचा होता: कॅथलिक श्रद्धा दुःखाला अर्थ आहे असे म्हणते, तर ज्या घरात हाच शब्द जखमेसारखा लागतो आहे, त्या घरात तो उच्चारावा की नाही, आणि उच्चारायचा तर कोणी आणि केव्हा.

विचारात घेतलेले पर्याय

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका असलेल्या सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, आहेत. त्या प्रसूतिगृहात पोहोचल्या तेव्हा वाडीत पुरण्याची तयारी सुरू झाली होती. त्या दुपारी आम्ही फोनवरून जे पर्याय चाचपले, त्यांतले दोन लगेच बाजूला पडले. काहीही न करता घराच्या निर्णयाला संमती देणे हा पहिला. दुसरा पर्याय, आईला थेट समुपदेशकाकडे सोपवून आपण मागे सरणे, हा त्या घडीला अपुरा होता. बाळ अजून पाळण्यात होते आणि समुपदेशकाला बाळ पुरता येत नाही.

खरा पेच तिसऱ्या पर्यायाने घातला. गटातल्या एका ज्येष्ठ सदस्याचे म्हणणे होते की, फादरांनी येऊन थोडे पाणी शिंपडावे. म्हातारीचे समाधान होईल, बाळाला ते कळणारही नाही, त्यात कोणाचे काय बिघडणार आहे? माझा कलही काही काळ तिकडे होता, हे मी येथे मान्य करते. सिस्टरांनी त्याला ठाम विरोध केला. त्यांचे कारण मला तेव्हा कठोर वाटले होते, आज पटते. आपण खोटा संस्कार केला, तर आजीची भीती खरी होती असेच आपण सांगितल्यासारखे होईल. म्हणजे पाण्याविना हे बाळ देवाला परके होते आणि आपण ऐनवेळी त्याला कसेबसे आत ढकलले. सांत्वन खोट्या पायावर उभे राहिले, तर पुढे कोणत्याही खऱ्या गोष्टीवर त्या घराचा विश्वास बसणार नाही.

चौथा पर्याय सिस्टरांना नोकरीतल्या अनुभवामुळे माहीत होता. १९८३ च्या धर्मसंहितेतील, म्हणजे चर्चच्या कायद्यांच्या संहितेतील, कलम ११८३ च्या दुसऱ्या परिच्छेदानुसार, आईवडिलांची आपल्या बाळाला स्नानसंस्कार देण्याची इच्छा होती परंतु त्याआधीच ते मरण पावले, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी चर्चच्या विधीप्रमाणे करता येतो. अंत्यविधीच्या ग्रंथात अशा बाळांसाठी वेगळ्या प्रार्थनाही आहेत. बाळाला नाव ठेवता येते, आशीर्वाद देता येतो, चर्चच्या दफनभूमीत त्याला जागा मिळते. हे आमच्यापैकी इतर कोणालाच ठाऊक नव्हते. एका सिस्टरांना ठाऊक होते, म्हणून ते घडले; या योगायोगाचा मी पुढे पुन्हा उल्लेख करणार आहे.

केलेली कार्यवाही

सिस्टरांनी फादरांना पुन्हा फोन केला. फादरांनी कलम वाचून पाहिले, बिशप हाऊसमध्ये विचारणा केली आणि दोन तासांत परवानगी मिळाली. दरम्यान सिस्टरांनी बाळाच्या आईला सरळ विचारले, ‘तुला त्याला घ्यायचे आहे का?’ घरच्यांनी हरकत घेतली, ती हो म्हणाली. तिने त्याला सव्वा तास मांडीवर घेतले. झबला घातला. पतीने बाळाच्या पावलांचे ठसे एका कागदावर घेतले. आशीर्वादाच्या वेळी फादरांनी नाव विचारले तेव्हा दोघांनी एकदमच उत्तर दिले. ते नाव त्या घराचे आहे, म्हणून मी येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसात, चाळीस-पन्नास माणसांच्या उपस्थितीत, चर्चच्या दफनभूमीत दफन झाले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत जन्माचीही नोंद करावी लागते. ती पतीने त्याच आठवड्यात केली.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आले. हे होणार आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. प्रसूतिगृहाने सांगितले नाही, घरातल्या बायकांनी सांगितले नाही, आम्हीही सांगितले नाही. रिकाम्या मांडीवर छाती भरून येते तेव्हा आईवर काय गुदरते, याविषयी कोणतेही धार्मिक वाक्य बोलण्याची माझी तयारी नाही. सिस्टर पुन्हा गेल्या, थंड पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरांशी बोलून औषध आणले आणि रात्रभर थांबल्या. पहिल्या महिन्यातले आमचे सर्वांत चांगले काम तेच होते, असे आजही मला वाटते.

प्रार्थनेच्या बाबतीत आम्ही एक निर्णय जाणीवपूर्वक घेतला. अर्थाविषयी बोलायचे नाही, विलाप करायचा. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात, त्याची संपत्ती आणि दहाही मुले गेल्यावर, त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात. तेथपर्यंत ते उत्तम मित्र असतात. बोलू लागतात तेव्हा ते देवाची बाजू मांडू लागतात आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, कारण ते त्याच्याविषयी ईयोबासारखे नीट बोलले नाहीत. गटातल्या एकाने ईयोबाचा शेवट तिला वाचून दाखवावा असे सुचवले होते: त्याला पुन्हा दहा मुले झाली. मी नकार दिला. त्या ग्रंथात ईयोबाची मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, उंट दुप्पट होतात, बैल दुप्पट होतात. मुले मात्र पहिल्याइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली, होतात. गेलेल्या दहांची जागा कोणी भरून काढली, असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही.

त्याऐवजी आम्ही दर गुरुवारी तिच्या व्हरांड्यात स्तोत्रे वाचली: तेरावे, बाविसावे, अठ्ठ्याऐंशीवे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात आशेची ओळ शेवटी येत नाही. ते वाचून झाल्यावर तिने पहिल्यांदा विचारले की, हे खरोखर बायबलमध्ये आहे का, की आम्ही कोठून आणले. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ येशूने क्रूसावर उच्चारली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? येशूनेही ‘का’ असेच विचारले होते आणि त्या क्षणी त्याला उत्तर मिळाले नव्हते, एवढेच मी तिला सांगितले. ती त्यावर काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी तिने स्वतः ते स्तोत्र काढून ठेवले होते.

सासूबाईंचे प्रकरण

सप्टेंबरच्या मध्यावर, १५ तारखेला, दुःखी मातेचा, म्हणजे मरियामातेचा, सण असतो. त्या संध्याकाळी फादर घरी आले आणि फोनवर आपण नियम सांगून थांबलो याबद्दल त्यांनी सासूबाईंची क्षमा मागितली. तेव्हा सासूबाईंनी जे सांगितले, ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हते. त्यांचे पहिले अपत्य, मुलगी, असेच मृत जन्मले होते. १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेने स्नानसंस्काराविना मेलेल्यांना चर्चचे दफन नाकारले होते आणि ती संहिता १९८३ पर्यंत लागू होती. नवीन अंत्यविधी त्याआधीच आला होता, परंतु गावापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. सासऱ्यांनी मुलीला तिन्हीसांजेला वाडीच्या कुंपणाशी पुरले, क्रूस लावला नाही, नाव ठेवले नाही आणि कोणी पुन्हा विषय काढला नाही. ती लिंबोत गेली, असे त्यांना सांगण्यात आले: तेथे यातना नाहीत आणि देवाचे दर्शनही नाही. जवळजवळ पन्नास वर्षे त्या रोज एक जपमाळ त्या मुलीसाठी करीत आल्या होत्या, ती पोहोचते की नाही हे माहीत नसताना. प्रसूतिगृहातला त्यांचा हट्ट आम्ही म्हातारपणीची अंधश्रद्धा समजलो होतो.

फादरांनी त्यांना सावकाश समजावले. लिंबो ही मध्ययुगातील धर्मपंडितांनी मांडलेली कल्पना होती, चर्चने ती कधीही श्रद्धेचा सिद्धान्त म्हणून जाहीर केली नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १२६१ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो आणि लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, या येशूच्या शब्दांची आठवण देतो. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाने, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, या बाळांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणे आहेत, असे निवेदन प्रसिद्ध केले. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग हे तेव्हा मला कोणी का नाही सांगितले?’ फादरांकडे उत्तर नव्हते. त्यांनी ते शोधण्याचा प्रयत्नही केला नाही. ते खाली मान घालून बसून राहिले. माझ्या मते त्या वर्षात आमच्या धर्मग्रामाने केलेली ती सर्वांत प्रामाणिक प्रार्थना होती.

सून आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसानंतर त्या दोघींमध्ये काय बदलले ते मी पाहिले आहे, पण ते त्यांनी आपसात ठेवले आहे. माझ्या कामापुरते एवढे सांगता येते: आईच्या दुःखाला अर्थ देण्याचा आम्ही कोणीही प्रयत्न करीत नव्हतो, तेव्हा तिच्या दुःखामुळे एका म्हाताऱ्या बाईचे अर्धशतकाचे मौन सुटले. बाळ त्यासाठी गेले, असे तिने कधी म्हटले नाही आणि आम्हीही म्हणू दिले नाही. परंतु ते गेल्यानंतर हे घडले, हेही तिला नाकारायचे नव्हते.

आमच्या हातून झालेली गंभीर चूक

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमीत मेणबत्त्या लावताना बाळाची आई मला म्हणाली, ‘मला त्याच्याकडे जायचे आहे.’ बायबलमध्ये दावीद राजाचे बाळ मरण पावते तेव्हा तो म्हणतो की, मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. मी तेच ऐकले. ही स्वर्गाची आशा आहे, श्रद्धा परत येऊ लागली आहे, असे मी गटाच्या बैठकीत समाधानाने सांगितले.

नाताळ आला. दरवर्षी पती व्हरांड्यात मोठा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करीत असे. त्या वर्षी त्याने गोठा केला आणि गव्हाणी रिकामी ठेवली. बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरही, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतरही, ठेवली गेली नाही. बाळाची आई जेवेनाशी झाली, झोप दोन-तीन तासांवर आली, शाळेतली रजा वाढली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी मला विचारले, ‘ती त्याच्याकडे जायचे म्हणाली होती, तेव्हा तुम्ही तिला विचारले का, की म्हणजे काय?’ मी विचारले नव्हते. अकरा आठवडे गेले होते. सिस्टरांनी त्याच दिवशी जाऊन तिला स्पष्ट शब्दांत विचारले की, जीव द्यायचा विचार मनात येतो का. ती हो म्हणाली आणि रडली; हा प्रश्न कोणी विचारेल याची ती वाट पाहत होती, असे तिने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी पती आणि सिस्टर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. प्रसूतीनंतरचे तीव्र नैराश्य असल्याचे निदान झाले, औषधे सुरू झाली, घरी कोणीतरी सतत सोबत राहील अशी व्यवस्था केली आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या आणि पतीच्या फोनमध्ये नोंदवला. गावातल्या काहींनी विचारले की, प्रार्थना असताना गोळ्या कशाला. फादरांनी रविवारच्या प्रवचनात, कोणाचाही उल्लेख न करता, औषध घेणे हे श्रद्धेच्या कमतरतेचे लक्षण नाही, असे सांगितले. ते आवश्यक होते.

अर्थाचा प्रश्न पुन्हा

मार्चपर्यंत झोप सुधारली. ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता आणि आता पहिल्यांदा तिनेच विषय काढला. ‘दुःख अर्पण कर’ म्हणजे नेमके काय करायचे, असे तिने फादरांना विचारले. ऑगस्टमध्ये ही मागणी तिच्यावर लादली गेली होती. आता प्रश्न तिचा होता. या फरकाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

फादरांनी तिला पोप जॉन पॉल दुसरे यांच्या ११ फेब्रुवारी १९८४ च्या पत्राविषयी सांगितले. ‘साल्विफिची दोलोरिस’ या लॅटिन नावाने ओळखले जाणारे ते पत्र दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांची आई ते आठ वर्षांचे असताना वारली, मोठा भाऊ तीन वर्षांनी गेला, वडील १९४१ मध्ये गेले आणि १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या पत्रातला जो मुद्दा तिला भावला तो असा: ख्रिस्त दुःखाची कारणे समजावून देत नाही, तो माणसाला आपल्या मागे बोलावतो आणि या बोलावण्यातून अर्थ हळूहळू, पुष्कळदा फार उशिरा, उमगतो. तसेच त्या पत्रात, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबणाऱ्या चांगल्या शोमरोनीची बायबलमधली कथा विस्ताराने येते. म्हणजे दुःखाच्या अर्थाचा एक भाग दुःखिताच्या नव्हे, तर वाटेत थांबणाऱ्याच्या पदरात टाकलेला आहे. हा दुसरा मुद्दा आमच्या गटासाठी होता, असे मी समजते.

परंतु तिला खरी वाट सापडली ती मिस्सेतल्या एका लहान कृतीत. अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचे काही थेंब घालतात. लहानपणापासून ती हे पाहत आली होती. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी लिहून ठेवले आहे की, त्या पाण्यात लोक आहेत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचे रक्त, आणि एकदा मिसळल्यावर ते दोन्ही वेगळे करता येत नाहीत. फादरांनी हे सांगितल्यावर ती म्हणाली की, एवढे मला जमेल, त्या थेंबाएवढे. तेव्हापासून ती रविवारी त्या क्षणी आपला आठवडा त्या पाण्यात टाकते. बायबलमधल्या एका पत्रात संत पौल कलस्सैकरांस लिहितो की, ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उरले आहे ते मी आपल्या देहात भरून काढतो. हेच वचन एका नातेवाईक बाईने तिला दफनाच्या दिवशी ऐकवले होते आणि तेव्हा तिला ते क्रूर वाटले होते.

परिणाम

घटनेला आता दोन वर्षे होत आली आहेत. तिची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होऊन थांबली आहेत. ती शाळेत परत गेली आहे. जपमाळेला ती अजून येत नाही. वर्षातल्या सर्व विधींपैकी तिला पवित्र शनिवार, म्हणजे ईस्टरच्या आदला दिवस, जवळचा वाटतो, कारण त्या दिवशी सकाळपासून मिस्सा नसते, वेदी उघडी असते, ख्रिस्तशरीराची, म्हणजे पवित्र भाकरीची, पेटी रिकामी आणि तिचे दार सताड उघडे असते. त्या दिवशी चर्च माझ्या घरासारखे दिसते, असे ती म्हणाली.

गेल्या २ नोव्हेंबरला धर्मग्रामाच्या प्रार्थनेत जन्माआधी गेलेल्या बाळांसाठी एक प्रार्थना प्रथमच वाचली गेली. ती तिने लिहिली होती. मिस्सेनंतर अकरा बायका एकेक करून फादरांना भेटल्या. त्यांतल्या आठ साठीच्या पुढच्या होत्या. सासूबाईंनी आपल्या मुलीचे नाव ठेवले आहे. वाडीतली नेमकी जागा सापडली नाही, कारण कुंपण मध्ये दोनदा सरकले आहे. फादरांनी सगळ्या कडेवर पाणी शिंपडून आशीर्वाद दिला.

वेगळे काय करता आले असते

धर्मसंहितेतील कलम एका निवृत्त सिस्टरांना ठाऊक असण्यावर एका बाळाचे दफन अवलंबून राहायला नको होते. आता आमच्या गटाकडे आणि परिसरातल्या दोन प्रसूतिगृहांकडे एका पानाचे पत्रक आहे: काय करता येते, परवानगी कोणाकडून घ्यायची, बाळाला पाहण्याविषयी आईला कसे विचारायचे आणि तिसऱ्या दिवशी दूध येऊ शकते.

पतीकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. त्याने शवपेटी उचलली, नोंदणी केली, चौथ्या दिवशी लोकल पकडली आणि तो सावरला आहे असे आम्ही धरून चाललो. रिकामी गव्हाणी आम्ही सर्वांनी पाहिली. तिच्यामागचा माणूस कोणी पाहिला नाही. त्याच्याशी गटातल्या पुरुषाने पहिल्या आठवड्यापासून बोलायला हवे होते. तो चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गात असे. अजून परतलेला नाही.

धार्मिक भाषेत बोलणाऱ्या शोकाकुल माणसाचे शब्द आम्ही आता श्रद्धेचे आहेत असे धरून पुढे जात नाही. ‘म्हणजे काय?’ असे विचारतो आणि गरज वाटली तर जीव देण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारतो. माझ्या अकरा आठवड्यांची मी जबाबदारी घेते.

हे लेखन पुरे झाल्यावर मी ते तिला व्हरांड्यात बसून वाचून दाखवले. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. मी सर्वत्र ‘बाळ गमावलेली महिला’ असे लिहिले होते; तेथे ‘बाळाची आई’ लिहा, असे ती म्हणाली आणि मी ते बदलले. दुसरी दुरुस्ती थेंबाच्या परिच्छेदाविषयी होती. तेथे वाचणाऱ्याला सगळे मिटले असे वाटेल, असे तिचे म्हणणे पडले. काही रविवारी ती तो आठवडा पाण्यात टाकत नाही, रागाने तसाच घरी घेऊन जाते. हेही लिहा, असे तिने सांगितले.